मॉरिशस: खासगी गाडीने नैऋत्येचा एक दिवस (गंगा तलाव, शामारेल, ल मॉर्न)

यवतेश्वर_घाट (सातारा)

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात घरच्यांबरोबर मॉरिशसला जाऊन आले. तिथले किनारे, स्पीडबोट, पॅरासेलिंग यांवर इथे आधीच भरपूर लिहिलेले आहे, त्यात भर घालत नाही. मला लिहायचे आहे ते बेटाच्या आतल्या, डोंगराळ नैऋत्य कोपऱ्याबद्दल. तो आम्ही चालकासह एक गाडी दिवसभरासाठी ठरवून पाहिला. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंपासून सातवीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना तोच दिवस सर्वांत आवडला. टूरच्या कार्यक्रमात हा भाग बहुतेक वेळा अर्ध्या दिवसात उरकतात. या भागाला अख्खा दिवस द्या आणि त्या दिवशी दुसरे काहीही घेऊ नका, हे सांगायला हा धागा काढला.

आधी अंतरांचा अंदाज. मॉरिशस बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे. आपला सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच्या पाचपटीहून मोठा. बेटाची लांबी साधारण ६५ किलोमीटर. नकाशा बघून वाटते की दिवसभरात सगळे बेट पालथे घालू, आणि बरेच गाडीवालेही "होईल की" म्हणतात. गाडी फिरेल, तुम्ही काही पाहणार नाही. आतले रस्ते चांगले असले तरी अरुंद आणि गावागावांतून जाणारे आहेत. शामारेलचा रस्ता तर पक्का घाट आहे.

आमचा क्रम असा होता. राहायला पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक अँ फ्लॅकला होतो. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत भल्या पहाटे आपसूक जाग येते. त्याचा फायदा घेतला आणि साडेसातला गाडीत बसलो.

पहिला थांबा क्युरपिपजवळचे त्रू ओ सेर्फ. हे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, आत उतरती हिरवी झाडी आणि तळाला पाणी. काठावरून गोल रस्ता आहे, गाडी थेट वर जाते, तिकीट नाही. इथे अर्धा तास पुरे. क्युरपिप बेटाच्या मधल्या पठारावर आहे, तिथे किनाऱ्यापेक्षा चांगलाच गारवा असतो आणि पाऊस कधीही येतो. सकाळी किनाऱ्यावर ऊन बघून स्वेटर खोलीत ठेवाल तर इथे कुडकुडाल.

तिथून गंगा तलाव. जुने नाव ग्राँ बासाँ. हाही ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव, पण इथे पोचल्यावर भूगोल आठवत नाही. रस्त्यालगतच ३३ मीटर उंचीची शंकराची मूर्ती उभी आहे, मंगल महादेव म्हणतात, २००७ मध्ये उभारलेली. समोर तेवढ्याच उंचीची दुर्गा. आत तलावाच्या काठाने मंदिरे. १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून या तलावात मिसळले, तेव्हापासून गंगा तलाव हे नाव रुजले. महाशिवरात्रीला लाखो लोक खांद्यावर कावड घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत इथे येतात. सासूबाई काठावरच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी शिवस्तुती म्हटली. शेजारी एक मॉरिशसची आजी बसली होती, तिने हात जोडले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बराच वेळ हातात हात घालून बसल्या. बसच्या टूरमध्ये इथे वीस-पंचवीस मिनिटे देतात. आम्ही तासाच्या वर थांबलो. स्वतःची गाडी घेण्याचे सार्थक मला तिथेच झाले.

पुढे प्लेन शाँपान्यच्या जंगलातल्या रस्त्याने ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यू पॉइंट. दरी पाहून महाबळेश्वरचा आर्थर सीट आठवेल. फरक एवढा की इथे दरीच्या टोकाला समुद्र दिसतो. हे राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये जाहीर झाले, बेटावर शिल्लक राहिलेले मूळचे जंगल मुख्यतः इथेच आहे. त्याच रस्त्यावर अलेक्झांड्रा धबधबा. धबधबा छोटा आहे, वेळ कमी असेल तर वगळा.

मग शामारेल. तिथल्या धबधब्याची उंची शंभर मीटरच्या आसपास. आपला भांबवलीचा वजराई त्याच्यापेक्षा कितीतरी उंच आहे, हे मान्य. पण हा एकसंध, सरळ, काळ्या कातळावरून हिरव्या कुंडात पडतो आणि बाराही महिने पाणी असते. त्याच तिकिटात सात रंगांची माती. आम्ही भर दुपारी पोचलो आणि ते फार बरे झाले. ऊन डोक्यावर असताना तांबडा, तपकिरी, जांभळा, निळसर हे रंग वेगवेगळे उठून दिसतात. ढग आला की सगळे तपकिरी वाटते. मातीवर चालता येत नाही, भोवतीने लाकडी कठडा आहे. शेजारी मोठमोठी कासवे आहेत, मुलगा तिथून हलेना.

शेवटी घाट उतरून किनाऱ्याने ल मॉर्न. ५५६ मीटर उंचीचा एकटा उभा कडा, तीन बाजूंनी समुद्र. २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गुलामीतून पळालेली माणसे या कड्याच्या माथ्यावर आणि गुहांत लपून राहत. गुलामी संपल्याचे सांगायला शिपाई वर चढले, ते आपल्याला धरायला आले आहेत असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे तिथले लोक सांगतात. गुलामी १ फेब्रुवारी १८३५ ला संपली आणि त्या दिवशी आजही देशभर सुट्टी असते. चालकाने ही हकीकत गाडी बाजूला थांबवून सांगितली. त्याचे स्वतःचे पूर्वज बिहारमधून उसाच्या मळ्यावर आलेले, पण सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून ल मॉर्नला चारपर्यंत पोचायचे असा हिशेब ठेवा.

गाडी ठरवताना: दर माणशी नसून गाडीमागे असतो, त्यामुळे चार-पाच जण असाल तर बसच्या टूरपेक्षा फार महाग पडत नाही. किती तासांसाठी, हॉटेलवरून ने-आण धरून का, जादा वेळ झाला तर काय, तिकिटे वेगळी का, हे सगळे आदल्या दिवशी मेसेजवर लिहून घ्या. आणि दुकाने नकोत हे सुरुवातीलाच नम्रपणे सांगा. क्युरपिपच्या बाजूला जहाजांच्या प्रतिकृतींचे कारखाने आणि ड्यूटी-फ्री दुकाने आहेत, तिथे एकदा शिरलात की तास गेला.

प्रश्न असतील तर विचारा.

पेठेतला_प्रवासी (सातारा)

ताई, छान लिहिलंय. पण एक मत मांडतो. आम्ही दोघेच गेलो होतो, दोघांसाठी अख्खी गाडी परवडत नाही. बसच्या टूरनेही शामारेल, गंगा तलाव झालंच. गाईड चांगला होता, त्याने माहितीही भरपूर दिली. सगळ्यांनाच खासगी गाडी जमेल असं नाही, म्हणून लिहितोय.

यवतेश्वर_घाट

दादा, दोघांसाठी तुमचे म्हणणे पटते. त्यावर एक उपाय: हॉटेलमध्ये दुसरे एखादे कुटुंब बघून गाडी वाटून घ्यायची. आपल्याकडची माणसे नाश्त्याच्या टेबलावर भेटतातच. फक्त थांबे आणि वेळ आधी बोलून घ्या. एकाला फोटो काढायचे आणि दुसऱ्याला दर्शन घ्यायचे, अशी ओढाताण नको.

जांभा_आणि_कातळ (कराड)

तुम्ही "भूगोल आठवत नाही" म्हणालात, मला मात्र तुमच्या प्रत्येक ओळीत भूगोलच दिसला. आयुष्यभर तोच शिकवला आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मॉरिशस आणि सातारा यांचे नाते खडकाचे आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्हाने बनला तो साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. त्या वेळी भारतीय भूपट्ट आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता आणि ज्या तप्त स्रोतावरून तो सरकत होता, तोच आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भूपट्ट उत्तरेला सरकत गेला, स्रोत जागेवर राहिला आणि मागे खुणांची माळ उमटत गेली. आधी दख्खनचे पठार, मग लक्षद्वीप आणि मालदीवच्या तळाचा डोंगर, मग चागोस, मग मॉरिशस, आणि सर्वांत शेवटी रियुनियन. रियुनियनचा ज्वालामुखी आजही जिवंत आहे, मॉरिशसचे शांत झाले. मॉरिशस पाण्यावर आले त्याला साधारण ८० ते ९० लाख वर्षे झाली असावीत. म्हणजे अजिंक्यताऱ्याचा कातळ आणि ल मॉर्नचा कातळ ही एकाच घराण्यातली थोरली आणि धाकटी पाती आहेत.

आता सात रंगांची माती. बेसॉल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर, उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षे पाऊस पडला की त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारे घटक वाहून जातात. मागे राहते ते लोह आणि ॲल्युमिनियम. लोहामुळे तांबडे आणि तपकिरी रंग येतात, ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे निळसर-जांभळी झाक येते. कासच्या पठारावर आपण ज्या जांभ्यावर उभे राहतो तो तरी कसा झाला? बेसॉल्टचे असेच धुपणे, असेच लोह-ॲल्युमिनियम उरणे. कासला त्याचे कठीण कवच झाले, शामारेलला ती भुसभुशीत माती राहिली. तिच्यावर काही उगवत नाही आणि पावसाने ती लहान-लहान टेकाडांच्या आकारात धुपत जाते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी जाण्याआधी एकदा कासला जाऊन जांभ्याचा तुकडा हातात घेऊन पाहावा. शामारेलच्या कठड्याशी उभे राहिल्यावर पोरे स्वतःहून बोलू लागतील.

आणखी एक. मॉरिशस २० अंश दक्षिणेला आहे, आपण साडेसतरा अंश उत्तरेला. मे-जूनमध्ये तिथे दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. सातवीतल्या मुलाला दुपारी बारा वाजता एक काठी रोवून दाखवायला हवी होती. पुढचे जाणारे कुणी तरी नक्की करा.

तुमच्या मार्गात एक भर सुचवतो. वेळ असेल तर दक्षिणेला सुइयाकजवळचा रोचेस्टर धबधबा पाहा. उंची फार नाही, पण त्याचा कातळ उभ्या, कोनदार खांबांचा आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असे खांब फुटतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची. जवळच ग्री ग्री आहे. बेटाला बहुतेक बाजूंनी प्रवाळाचे कुंपण आहे, म्हणून किनाऱ्यावर पाणी संथ असते. ग्री ग्रीपाशी ते कुंपण तुटलेले आहे आणि लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पोहू नये.

यवतेश्वर_घाट

सर, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. मुलाला वाचून दाखवला. त्याने लगेच कासचा दिवस ठरवून टाकला.

मिरजेची_वहिनी (सांगली)

ताई, आम्ही दिवाळीनंतर जातोय. बरोबर आईबाबा आहेत, आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे. पायऱ्या किती आहेत प्रत्येक ठिकाणी? आणि घरात कांदा-लसूणसुद्धा न खाणारे दोघे आहेत, दिवसभर बाहेर खायचे काय?

यवतेश्वर_घाट

वहिनी, गुडघ्यांसाठी हा मार्ग सोपा आहे, कारण बहुतेक ठिकाणी गाडी जवळ जाते. त्रू ओ सेर्फला गाडीतून उतरले की समोरच दिसते. गंगा तलावाचा काठ सपाट आहे, पाण्याशी जायला थोड्या पायऱ्या. गॉर्जेसला वाहनतळापासून थोडे चालणे. शामारेलच्या धबधब्याला खालच्या कठड्यावरूनही छान दिसते, वर चढायची गरज नाही. सात रंगांच्या मातीला पूर्ण फेरी न मारता पहिल्या टोकावरून पाहून परत फिरता येते. ल मॉर्नला किनाऱ्यावर झाडाखाली बसायचे. मकोंडे नावाचा एक पॉइंट किनाऱ्याच्या रस्त्यावर लागतो, त्याला पायऱ्या आहेत, आईंना खालीच बसवा. घाटाच्या वळणांनी मळमळत असेल तर शामारेलला जाण्याआधी गोळी द्या, ती वळणे पसरणीच्या घाटासारखी लागतात.

दिवाळीनंतर म्हणजे तिथे उन्हाळा सुरू होतो, दक्षिण गोलार्ध आहे ना. डिसेंबर उजाडला की उकाडा, पाऊस आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास वादळांचा काळ. नोव्हेंबर अजून बरा असतो. टोपी, पाणी आणि छत्री तिन्ही ठेवा.

खाण्याचे वाकवाकर सांगतील, ते तिथेच राहतात.

वाकवाकर (मूळ सांगली, सध्या मॉरिशस)

वहिनी, शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. रस्त्यावर गाड्यांवर धोल पुरी मिळते. मऊ पातळ पोळी, आत वाटलेल्या डाळीचे सारण, वरून घेवड्याची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय आणि चटणी. जोडीने देतात. पण रश्शात कांदा-लसूण असतोच, त्यामुळे त्या दोघांसाठी नुसती पुरी आणि घरचे लोणचे. गातो पिमा म्हणजे डाळीचे छोटे वडे, त्यात कांद्याची पात असते, विचारून घ्या. आलुदा म्हणून सब्जा घातलेले थंड दूध मिळते, ते सगळ्यांना चालेल. शामारेल गावात जेवणाची ठिकाणे आहेत, पण दुपारी गर्दी होते आणि शाकाहारी ताट वेळ घेते. सकाळी क्युरपिप किंवा वाकवाच्या बाजारातून पुऱ्या बांधून घेतलेल्या बऱ्या. बटाटवडे, दशम्या हॉटेलवर करून घेण्याची सोय असेल तर उत्तम.

गंगा तलाव आणि गॉर्जेसला माकडे आहेत. पिशवी उघडी ठेवू नका, खायला घालू नका. ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात.

आता मूळ धाग्याबद्दल. क्रम अगदी बरोबर दिलाय. पठारावर ढग साधारण दुपारनंतर जमतात, म्हणून पठार सकाळी आणि किनारा संध्याकाळी, हाच इथल्या जाणत्या चालकांचा नियम. राहायला उत्तरेला ग्राँ बे भागात असाल तर अर्धा तास आधी निघा, कारण पोर्ट लुईच्या सकाळच्या वाहतुकीतून जावे लागते. रविवार टाळता आला तर टाळा. इथली कुटुंबे रविवारी पातेली, तंबू घेऊन किनाऱ्यावर येतात, ल मॉर्नच्या बाजूला गाडी लावायला जागा राहत नाही.

रील्समध्ये दिसणारा "समुद्राखालचा धबधबा" कुणी विचारायच्या आत सांगतो. तो ल मॉर्नच्या समोर आहे, पण तो धबधबा नाही. वाळू आणि गाळ प्रवाहाने खोल उतारावर ओढला जातो, त्याचे पट्टे वरून पाण्यासारखे दिसतात. गाडीने किंवा किनाऱ्यावरून तो दिसत नाही, हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच दिसतो. कुणी गाडीच्या टूरमध्ये तो दाखवतो म्हणाला तर त्याला तिथेच नकार द्या.

ऊसकरी (वाळवा)

लय भारी धागा. माझा प्रश्न जरा वेगळा हाय. मॉरिशस म्हंजी ऊस असं ऐकत आलोय. ह्या दिवसभराच्या रस्त्यात उसाची शेती बघायला मिळती का? आमची सगळी जमीन ८६०३२ आणि २६५ ह्या उसाच्या जातींखाली हाय. तिथल्या जातीचं एखादं कांडं आणता यील का?

वाकवाकर

दादा, पहिल्या दोन तासांत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आणि त्या शेतांत एक गोष्ट बघा: मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही मनोऱ्यासारखे रचलेले. ही जमीन ज्वालामुखीची, दगडांनी भरलेली. ते दगड एक-एक हाताने वेचून, डोक्यावर वाहून हे ढीग लावले आहेत. आधी गुलामांनी, मग आपल्याकडून करारावर आलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी. पर्यटक त्यांचे फोटो काढत नाहीत. मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गाडी थांबवून ते दाखवतो.

तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. आपल्याकडे गाळप संपते तेव्हा इथे सुरू होते. चिपाडावर वीज तयार करून सरकारी जाळ्यात देतात, जसे आपले कारखाने सहवीजनिर्मितीत करतात. पाम्पलमूसजवळ बो प्लाँ इथल्या जुन्या कारखान्यात साखरेचे संग्रहालय आहे. तो कारखाना १९९९ मध्ये बंद झाला, यंत्रे जागच्या जागी ठेवली आहेत. तुम्हाला तिथे अर्धा दिवस पुरणार नाही. पण ते उत्तरेला आहे, नैऋत्येच्या दिवसात कोंबू नका.

कांड्याचं मात्र विसरा. रोपे, बियाणे, कांडी परवान्याशिवाय इकडून तिकडे नेता येत नाहीत आणि ते योग्यच आहे, एका कांड्यातून रोग गेला की जिल्ह्याचा ऊस जाईल. जातींची देवाणघेवाण संशोधन संस्थांमार्फतच होते. आपल्याकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथे विचारा.

ऊसकरी

दगडाच्या ढिगाचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या आज्यानं माळरान फोडून रान केलं तवा असेच बांध घातल्यात. जाणार म्हंजी जाणार.

कृष्णाकाठ (वाई)

गिरमिटियांचा विषय निघालाच आहे तर विचारते. त्यांत मराठी माणसे होती ना? त्यांच्या खुणा या मार्गावर कुठे दिसतात का?

वाकवाकर

होती, आणि आजही आहेत. मुंबई बंदरातून आलेले, बरेचसे कोकणातले, काही घाटावरचे. पश्चिमेला कास्कावेल, ब्लॅक रिव्हर, वाकवा या भागांत मराठी वस्ती आहे, म्हणजे तुमचा परतीचा रस्ता त्यांच्याच गावांजवळून जातो. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणे मागे पडले, घरात इथली बोली, क्रिओल आली. तरी आरत्या आहेत, झाकरीचा नाच आहे, शाळेत मराठी विषय घेता येतो. २०२३ मध्ये इथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

ज्यांना इतिहास बघायचा आहे त्यांनी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे मजूर जहाजातून उतरत तो धक्का, चुकवू नये. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिले ३६ मजूर 'ॲटलस' जहाजातून आले. पुढे जवळपास पाच लाख माणसे आली. किनाऱ्यावरून वर जाणाऱ्या १६ पायऱ्या तशाच आहेत. २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आलेल्या माणसांच्या नोंदवह्या जपल्या आहेत: नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोसुद्धा. इथले लोक त्यावरून आपले मूळ गाव शोधतात. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाने कानाला लागले तसे लिहिलेले असते, त्यामुळे ओळखायला कठीण जाते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असेच गाव शोधायला मदत करतो आहे. इथल्या जुन्या जाणत्यांनी साताऱ्याच्या बाजूची जुनी गावनावे ओळखायला हात दिला तर फार उपकार होतील, वेगळा धागा काढतो.

जांभा_आणि_कातळ

अवश्य काढा. जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या, कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचीही यादी माझ्याकडे आहे, ती नावे आजच्या नकाशात सापडणार नाहीत.

पेठेतला_प्रवासी

धागा कुठल्या कुठे गेला, पण वाचतच राहिलो. ताई, आता एक सांगा. गाडी स्वतः चालवली तर? तिथे डावीकडूनच चालवतात ना?

यवतेश्वर_घाट

हो, आपल्यासारखीच डावीकडून. आमच्या ह्यांचीही तीच इच्छा होती, पण मी चालकाचाच आग्रह धरला आणि तेच योग्य होते असे आजही वाटते. एक तर चालवणाऱ्याला दरी बघता येत नाही. दुसरे म्हणजे ल मॉर्नची हकीकत, जंगलातल्या लाल चिनी पेरूची ओळख, तो बाहेरून आणलेला पेरू मूळच्या झाडांना कसा दाबतो, हे आम्हाला त्या माणसाने सांगितले. हिंदी उत्तम बोलत होता. अर्ध्या दिवसानंतर तो आमच्यातच जेवायला बसला. किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरायचे असेल त्या दिवशी तुम्ही स्वतः गाडी घ्या. घाटाच्या दिवशी नको.

मिरजेची_वहिनी

आणि व्हिसाचे? शिवाय दोन दिवसांत बसवायचे तर दुसरा दिवस कुठला धरू?

वाकवाकर

पर्यटनासाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचे बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन प्रवास-अर्ज भरून त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. नियम बदलतात, तिकीट काढताना एकदा सरकारी संकेतस्थळ बघा.

दुसरा दिवस उत्तरेला द्या. सकाळी आप्रवासी घाट आणि पोर्ट लुईचा बाजार, दुपारी पाम्पलमूसची बाग. तिथे परातीएवढ्या पानांची कमळे आहेत. आईंना बागेत बॅटरीवर चालणारी गाडी मिळते का ते दारातच विचारा, बाग मोठी आहे. हाताशी वेळ उरला तर साखरेचे संग्रहालय. बेटावरचे किनारे, विशेषतः इल ओ सेर्फ, तिसऱ्या दिवशी. ते पूर्वेला आहे, बोटीने जायचे असते, त्याला अख्खा दिवस लागतो.

आणि पक्ष्यांची आवड असेल तर गॉर्जेसला वर आकाशात लक्ष ठेवा. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात अवघा चारवर आला होता. माणसांनी अंडी उबवून, पिल्ले वाढवून तो परत जंगलात सोडला. ज्या बेटाने डोडो गमावला त्याच बेटावर हा पक्षी वाचला. आमच्या चमूतले दोघे दर रविवारी त्यासाठीच तिथे जातात.

मिरजेची_वहिनी

दादा, ताई, सर, सगळ्यांचे आभार. छापून आईबाबांना वाचायला दिले. बाबांनी गंगा तलावापुढे दोन तास आणि आप्रवासी घाटापुढे "नक्की" असे लिहून कागद परत दिला आहे. दोन तासांचे गणित कसे बसवू?

यवतेश्वर_घाट

सोपे आहे. अलेक्झांड्रा धबधबा काढा, त्रू ओ सेर्फला वीस मिनिटे करा आणि सातलाच निघा. शामारेल साडेबाराच्या आत गाठायचे, एवढे सांभाळा. बाबांचे दोन तास कमी करू नका.